परक्या फाइल सिस्टिम आणि आपला कायदा

गारखेड्यातल्या एखाद्या कॉम्प्युटरच्या दुकानात लग्नाचे शूटिंग भरलेले 128 जीबीचे कार्ड येते आणि जुन्या लिनक्सवर ते उघडतच नाही. कार्ड खराब झालेले नसते. 32 जीबीच्या वरच्या एसडी कार्डांवर मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असते आणि पेटंटच्या भीतीने ती कित्येक वर्षे लिनक्स कर्नलच्या बाहेरच राहिली.

काय करावे

• कर्नल 5.7 किंवा त्यापुढचे घ्यावे. 28 ऑगस्ट 2019 रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचे तपशील खुले केले. 5.7 मध्ये सॅमसंगचा ड्रायव्हर आला, 5.15 मध्ये विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमसाठी पॅरागॉनचा.

• ड्रायव्हर स्वतः लिहायचा असेल तर कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(एबी) वाचावे. प्रोग्राम रीतसर तुमच्याकडे असेल आणि हवी ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर स्वतंत्रपणे लिहिलेला आपला प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यापुरती ती शोधून काढण्याची मुभा हे कलम देते. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिकवलेच पाहिजे.

• पेटंट कायद्याचे कलम 3(के) सोबत ठेवावे: निव्वळ संगणक प्रोग्रामला भारतात पेटंट नाही. डिसेंबर 2004 च्या अध्यादेशाने हे कलम सैल केले होते. 2005 च्या कायद्यात तो बदल टिकला नाही. हा आपल्या प्रोग्रामरांचा मोठाच आधार आहे.

काय टाळावे

• ‘फॉरमॅट करायचे का?’ या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणू नये. आधी फाइल सिस्टिम कोणती ते बघावे.

• भारतात चालते म्हणून बाहेरही चालेल, असे धरू नये. पेटंट ज्या त्या देशाचे असते. फॅट या फाइल सिस्टिममधल्या लांब फाइलनावांच्या पेटंटसह इतर पेटंटवरून मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2009 मध्ये लिनक्सवरची नेव्हिगेशन उपकरणे बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. मार्चमध्ये पैसे देऊन टॉमटॉमने तो मिटवला. वाळूजमधून लिनक्सवरचे उपकरण अमेरिकेला पाठवणाऱ्याने वकिलाचा सल्ला आधी घ्यावा, माल नंतर चढवावा.

• फुटलेला सोर्स कोड समोर ठेवून ड्रायव्हर लिहू नये. मग तो ‘स्वतंत्रपणे लिहिलेला’ राहत नाही.

• ओपन सोर्स म्हणजे मोकळे रान समजू नये. झेडएफएस या फाइल सिस्टिमचा परवाना सीडीडीएल, लिनक्सचा जीपीएल. स्वतःपुरते वापरायला अडचण नाही. वाद आहे तो दोन्ही जोडून वाटण्याचा. उबुंटूने 2016 मध्ये तसे वाटले, डेबियन मात्र सोर्सच देते.

• क्रॅक केलेला पेड ड्रायव्हर दुकानात ठेवू नये. धंद्यासाठी जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी प्रमाणे किमान 7 दिवस कैद आणि 50,000 रुपये दंड आहे.