झाकली मूठ आणि उघडे खोके : ‘ओपन बॉक्स’ मदरबोर्डाच्या खरेदीचा विचार

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही प्रकल्पाचे टंकलेखन, भाषांतराचे काम, ध्वनिमुद्रण, अंकाची मांडणी अशा नाना कारणांसाठी तो लागतो. परंतु बेताच्या उत्पन्नाच्या घरात संगणकाची खरेदी म्हणजे वर्षभराच्या बचतीचा प्रश्न असतो. म्हणूनच अनेक विद्यार्थी सुटे भाग आणून स्वतः जोडणी करण्याचा मार्ग पत्करतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथे अशी खरेदी करताना एक सल्ला हमखास ऐकू येतो : “मदरबोर्ड ओपन बॉक्स घ्या, पैसे वाचतील.” या सल्ल्यात तथ्य किती आणि धोका किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरवर हा तंत्रज्ञानाचा विषय वाटला, तरी मुळात तो अर्थशास्त्राचा आणि काही अंशी कायद्याचाही आहे.

१. ‘ओपन बॉक्स’ म्हणजे काय?

एकाने विकत घेतलेला, खोके उघडलेला आणि थोड्याच दिवसांत दुकानात परत आलेला माल म्हणजे ओपन बॉक्स. दुकानात मांडून ठेवलेला नमुनाही कधी याच नावाने विकला जातो. वर्षानुवर्षे वापरलेला जुना माल यात येत नाही. बिघडल्यावर दुरुस्त करून विकलेला मालही यात येत नाही. निदान येऊ नये. अलीकडे ऑनलाइन खरेदीत ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असा शब्दप्रयोग आढळतो. त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. तेथे नवीनच वस्तूचे खोके घरपोच देताना ग्राहकासमोर उघडून दाखवतात. या दोहोंत गल्लत करू नये.

अमेरिकेत मायक्रो सेंटर, बेस्ट बाय यांसारख्या मोठ्या दुकानांत ओपन बॉक्स हा उघडपणे जाहीर केलेला स्वतंत्र वर्ग असतो. आपल्याकडे मात्र हा शब्द बराच सैल वापरला जातो. तेव्हा दुकानदाराने तो उच्चारताच पहिला प्रश्न विचारावा : “परत का आला?”

२. बोर्ड परत का येतात?

या प्रश्नाच्या उत्तरातच सगळे मर्म आहे. परत आलेला प्रत्येक बोर्ड बिघडलेला नसतो. कित्येकदा दोष बोर्डाचा नसून घेणाऱ्याच्या अपुऱ्या माहितीचा असतो. याची काही उदाहरणे पाहू.

इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी निघालेले काही बोर्ड डीडीआर ४ मेमरी घेतात, तर काही डीडीआर ५. नाव जवळजवळ सारखेच; मेमरी मात्र एकीची दुसऱ्यात बसत नाही. ग्राहक चुकीचा बोर्ड नेतो आणि परत आणतो.

दुसरे कारण बायॉसचे. बोर्डावर मुळातच साठवलेल्या या प्रणालीला नंतर निघालेला प्रोसेसर ओळखता येत नाही. उदाहरणार्थ, २०१८ साली आलेल्या बी ४५० जातीच्या बोर्डात २०२० अखेरीस आलेला रायझेन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसतो. परंतु बायॉस जुने असेल तर संगणक सुरूच होत नाही. बायॉस अद्ययावत केले की तोच बोर्ड ठणठणीत चालतो.

तिसरे कारण चित्राचे. रायझेन ५ ५६०० या प्रोसेसरात किंवा नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची सोय नसते. ग्राफिक्स कार्ड न लावता मॉनिटरची तार थेट बोर्डाला जोडली, तर पडदा काळाच राहतो. बोर्ड बिचारा निर्दोष असतो. ठपका मात्र त्याच्यावर येतो.

चौथे कारण अधीरतेचे. एएमडीच्या एएम ५ जातीचा बोर्ड प्रथम सुरू करताना नव्या मेमरीशी जुळवून घेण्यास काही मिनिटे घेतो. तेवढा धीर नसलेला ग्राहक बोर्ड मेला असे समजतो.

परंतु खरोखर बिघडलेले बोर्डही याच फळीवर येतात, आणि त्यांच्यात सर्वांत घातक दोष म्हणजे सॉकेटमधील वाकलेली पिन. इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटात नावाप्रमाणे १७०० केसासारख्या बारीक पिना असतात. २०२२ साली आलेल्या एएम ५ मध्ये त्या १७१८ आहेत. प्रोसेसर बसवताना हात किंचित घसरला तरी पिना वाकतात. हे नुकसान हाताळणीमुळे झालेले मानले जात असल्याने कंपनीच्या हमीत ते सहसा बसत नाही. याउलट एएमडीच्या जुन्या एएम ४ जातीत पिना प्रोसेसरला असतात आणि बोर्डाच्या सॉकेटात नुसती छिद्रे असतात. म्हणून बोर्डापुरते बोलायचे तर ओपन बॉक्स घेताना एएम ४ जातीत हा एक मोठा धोका मुळातच कमी होतो.

३. अर्थशास्त्र काय सांगते?

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘द मार्केट फॉर लेमन्स’ हा निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाने पुढे त्यांना २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी केले. त्यांनी उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींचे. अमेरिकन बोलीत खराब निघालेल्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला साधारण प्रतीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. उरतात ती लिंबे.

आपल्या विषयाला हा विचार चपखल लागू पडतो. समाधानी ग्राहक बोर्ड परत आणत नाही. म्हणजे परत आलेल्या मालात सदोष नगांचे प्रमाण नव्या मालापेक्षा जास्त असणार, हे उघड आहे. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. येथे गंमत अशी, की खोके उघडे असले तरी मूठ झाकलेलीच असते. बोर्ड का परत आला हे दुकानदाराला ठाऊक असते, आपल्याला नाही. ओपन बॉक्सवर जी सवलत मिळते, ती वस्तूच्या जुनेपणाची नव्हे. आपल्या अज्ञानाची किंमत आहे.

यावर उपाय म्हणून अकरलॉफ यांनी ज्या व्यवस्थांचा उल्लेख केला, त्यांत हमीला महत्त्वाचे स्थान आहे. हमी दिली की धोका घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे सरकतो. ज्याला आपला माल चांगला असल्याची खात्री आहे, तोच हमी देण्यास तयार होतो.

४. सवलतीचा हिशेब

आता थोडे अंकगणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. नवा बोर्ड ८,००० रुपयांना आणि तोच ओपन बॉक्स ६,४०० रुपयांना मिळतो असे समजू. सवलत शेकडा २० झाली. पाच विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक असे पाच ओपन बॉक्स बोर्ड घेतले आणि त्यांपैकी एक खराब निघाला.

माल परत घेतला जात नसेल, तर पाच बोर्डांचे ३२,००० आणि खराब निघालेल्याच्या जागी नव्याचे ८,०००, असे एकूण ४०,००० रुपये होतात. पाचही जणांनी नवेच बोर्ड घेतले असते तरी तेवढेच लागले असते! म्हणजे परतीचा हक्क नसेल, तर शेकडा जितकी सवलत तितकेच नग खराब निघाल्यावर सगळा फायदा संपतो.

आता परतीचा हक्क आहे असे धरू. खराब बोर्डाचे ६,४०० रुपये परत मिळाले. फेरीचे ३०० रुपये गेले. नव्याला ८,००० पडले. एकूण खर्च ३३,९०० झाला. पाच जणांत मिळून ६,१०० रुपये वाचले. इतकेच काय, पाचांपैकी चार बोर्ड खराब निघाले तरी खर्च ३९,६०० होतो, म्हणजे नव्यांपेक्षा ४०० रुपये कमीच. अर्थात यात चौघांना झालेला मनस्ताप धरलेला नाही.

या हिशेबाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : सवलतीपेक्षा परतीचा हक्क मोलाचा. दुकानदार म्हणाला, “परत घेणार नाही, पण आणखी पाचशे कमी करतो,” तर तो सौदा बहुधा आपल्या तोट्याचा असतो. शिवाय पहिल्या हिशेबात एक गोष्ट लपली आहे. तोटा पाच जणांत वाटला जात नाही. एकाच विद्यार्थ्याला ६,४०० अधिक ८,००० असे १४,४०० रुपये मोजावे लागतात. सरासरीने गुडघाभर पाणी असलेल्या नदीतही माणूस बुडतो. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा खर्च करण्याची ऐपत नाही, त्याने सरासरीवर विसंबू नये. सवलतीची खरी गरज त्यालाच असते आणि धोका पेलण्याची ताकदही त्याच्याकडेच सर्वांत कमी असते.

५. दुकानात काय पाहावे?

(अ) सॉकेटवरील प्लॅस्टिकचे झाकण काढायला सांगून मोबाइलच्या उजेडात पिना वेगवेगळ्या कोनांतून पाहाव्यात. सर्व ओळी एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी पिन वेगळी चमकली किंवा ओळ तुटलेली दिसली, तर तो बोर्ड घेऊ नये. हात मात्र लावू नये. मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून पाहणे उत्तम.

(आ) बोर्डावरील अनुक्रमांक खोक्यावरील अनुक्रमांकाशी जुळतो का, हे पाहावे. जुळत नसेल तर हमीचा प्रश्न उभा राहतो. कंपनीची हमी किती उरली आहे आणि ती कोणत्या तारखेपासून मोजली जाते, हेही विचारून घ्यावे.

(इ) सोबतचे साहित्य मोजावे. मागच्या बाजूची पत्र्याची पट्टी, साटा तारा, एम-टू ड्राइव्हचा इवलासा स्क्रू, वायफाय असल्यास त्याच्या अँटेना. एएम ४ बोर्डाच्या बाबतीत सॉकेटच्या पाठीमागची धातूची पट्टी विसरू नये. काही पंखे बसवताना वरच्या पकडी काढाव्या लागतात, तेव्हा ही पट्टी सुटी होते आणि हरवते. ती नसेल तर पंखा बसवताच येत नाही.

(ई) बोर्ड उलटा करून ओरखडे, जळल्याचे डाग आणि डाख दिल्याच्या खुणा पाहाव्यात. डाख दिलेला बोर्ड हा दुरुस्त केलेला माल असतो, ओपन बॉक्स नव्हे.

(उ) शक्य असल्यास दुकानातच प्रोसेसर आणि मेमरी लावून बोर्ड सुरू करून दाखवायला सांगावे. प्रामाणिक दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.

६. घरी आल्यावर

परतीची मुदत संपण्यापूर्वी सर्व परीक्षा उरकाव्यात. ‘सुट्टीत सावकाश जोडू’ म्हणून खोके माळ्यावर टाकणे म्हणजे मोलाचा हक्क फुकट घालवणे होय. प्रथम पहिल्या मालकाने बदललेल्या मांडण्या पुसून बायॉस मूळ स्थितीत आणावे. मग मेमरीची पट्टी प्रत्येक खाचेत एकेक करून लावून पाहावी. वाकलेल्या पिनेमुळे पुष्कळदा संगणक चालतो, पण एखादी खाच मेमरी ओळखतच नाही. त्यानंतर मेमटेस्ट ८६ प्लस ही मोफत चाचणी काही तास चालवावी. शेवटी यूएसबी, ध्वनी, नेटवर्क, साटा आणि एम-टू या प्रत्येक जागी काहीतरी जोडून ती चालते का, हे बघावे.

सुरू झाला नाही तर लगेच बोर्डाला दोष देऊ नये. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वेगळी तार लावली आहे ना? कॅबिनेटमध्ये चुकीच्या जागी बसवलेला स्क्रूचा खुंट बोर्डाला खालून टेकत तर नाही? मॉनिटर योग्य जागी जोडला आहे ना? एवढे पाहून मगच दुकान गाठावे.

७. कायद्याचा आधार

१९३० च्या वस्तुविक्री कायद्यातील १६ व्या कलमाचा पाया ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हाच आहे. त्याला अपवाद आहेत. पण खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता, त्याबद्दल गर्भित अटीचे संरक्षण मिळत नाही, असेही ते कलम सांगते. म्हणून अर्धवट तपासणी करून समाधान मानू नये. तपासायचे तर नीट तपासावे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मात्र ग्राहकाच्या बाजूने बराच पुढे गेला आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे, बिल न देणे आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे, या गोष्टी त्याने अनुचित व्यापारी प्रथांत मोडल्या आहेत. तेव्हा कर वाचतो म्हणून बिलाशिवाय बोर्ड घेणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. बिलावर ‘ओपन बॉक्स’ हे शब्द, अनुक्रमांक आणि परतीची मुदत लिहून घ्यावी. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही.

समारोप

सारांश, ओपन बॉक्स मदरबोर्ड सरसकट वाईट नाही आणि सरसकट फायद्याचाही नाही. दुसऱ्याच्या अधीरतेमुळे किंवा गैरसमजामुळे परत आलेला चांगला बोर्ड कमी किमतीत मिळणे ही जाणत्या ग्राहकाची रास्त कमाई आहे. परंतु ती कमाई किमतीच्या चिठ्ठीवर नसते. ती डोळसपणे केलेल्या तपासणीत आणि बिलावर लिहून घेतलेल्या एका ओळीत असते. ती ओळ लिहून देण्यास दुकानदार तयार नसेल, तर हजार-दीड हजार रुपये जास्त मोजून नवा बोर्ड घेणे हेच बेताच्या खिशाला अधिक परवडते.