पातळ पत्र्याला घाई चालत नाही

आमच्या घाटाखालच्या भागात वेल्डिंग म्हटलं की ट्रॉलीचे फाळके, शेताचं गेट, नाहीतर शेडचे अँगल. पोरांचा हात बसतो तो त्याच कामावर. मग एक दिवस कोणी सीओटूचं मशीन घेतं आणि ‘डेंटिंग-पेंटिंग’चा बोर्ड लावतं. नांदुऱ्यात हायवेला माझं शेड आहे. तिथे जे दुरुस्त केलं त्यापेक्षा दुसऱ्याने दुरुस्त केलेलं पुन्हा उकरण्यातच मी जास्त शिकलो.

एका पावसाळ्यानंतर एक काळीपिवळी जीप आली. हा खारपाणपट्टा आहे. गाडी धुवायला बोअरचं खारं पाणी असतं, ते दाराच्या खालच्या काठात साचतं आणि पत्रा आतून खातं. या जीपच्या दाराला तसाच तुकडा घातलेला होता, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात शिवण ओढलेली. वरून बोटभर जाड पुट्टी. रस्त्याच्या हादऱ्यांनी पुट्टीला भेगा गेल्या आणि पाणी मागे उतरलं. मागच्या बाजूला प्रायमरचा थेंबही नव्हता, म्हणून गंज नव्या जोडालाच लागला. पुट्टी काढली तर वेल्डिंग मजबूतच होती, पण दार कामातून गेलं होतं.

असं का होतं, ते आधी डोक्यात बसलं पाहिजे. ट्रॉलीचा अँगल पाच-सहा मिलिमीटर जाड असतो, तर गाडीच्या दाराचा किंवा बॉनेटचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. जाड लोखंडात उष्णता पसरून जाते. पातळ पत्र्यात ती जागच्या जागी कोंडते आणि भोक पडतं. भोक नाही पडलं, तरी गरम झालेली पट्टी निवताना आक्रसते, आजूबाजूचा पत्रा ओढून घेते आणि झोल येतो. म्हणून या कामात जोडण्याइतकंच थांबणंही शिकावं लागतं.

शेडमधल्या नव्या पोराचं रोजचं गाऱ्हाणं असतं, “भाऊ, हे भोक बुजूनच नाही राह्यलं.” बुजणार कसं? काठ आधीच लाल झालेला असतो आणि तो त्यातच वायर सोडत असतो. भोक पडलं की गन खाली ठेवायची. पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा. मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरायची आणि काठापासून आत एकेक टिपका द्यायचा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि उष्णता ते ओढून घेतं.

आता कामाचा क्रम सांगतो. गंजलेला भाग खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापा. दोन्ही काठ आतून-बाहेरून घासून पांढरे करा. रंगावर किंवा गंजावर आर्क टिकत नाही. तुकडा काठाला काठ लावून बसवा आणि अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. एकावर एक चढवलेला जोड सोपा असतो, पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं, आणि आपल्याकडे ते खारं असतं.

वायर ०.६ मिलिमीटरची घ्या. ती मिळाली नाही तर ०.८ चालेल. गॅस आर्गॉन आणि सीओटूचा मिश्र, ८०-२० असला तर उत्तम. नुसता सीओटू स्वस्त पडतो, पण ठिणग्या जास्त उडतात आणि पातळ पत्रा लवकर फुटतो. फ्लो मिनिटाला आठ ते बारा लिटर ठेवा. उन्हाळ्यात गरम होतं म्हणून फॅन लावला की गॅस उडून जातो आणि जोडात बारीक छिद्रं पडतात. करंट ३५ ते ५० ॲम्पियरच्या आसपास धरून सुरुवात करा. गॅसच्या वायरला गन पॉझिटिव्ह असते, बिनगॅसच्या फ्लक्स वायरला निगेटिव्ह. वायर बदलली की हेही बदला. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाजवळ, उघड्या लोखंडावर लावा. सेटिंग जमलं की पापड तळल्यासारखा एकसारखा तडतडाट ऐकू येतो. तो अडखळू लागला तर आधी व्होल्टेज बघा. कृषीपंप सुरू झाले की लाईन पडते आणि सकाळचं सेटिंग संध्याकाळी लागू पडत नाही.

आधी चारही कोपऱ्यांवर टाके द्या. मग दर दोन टाक्यांच्या मधोमध एकेक टाका, पण शेजारी-शेजारी नाही. एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला. टाके इंचाभरावर आले की मधल्या जागा तशाच उड्या मारत भरा. ओलं फडकं लावून निववू नका. ग्राइंडर दाबून चालवला तर तोही पत्रा तापवतो. फ्लॅप डिस्क हलक्या हाताने फिरवा. शेवटी मागच्या बाजूला झिंक प्रायमर आणि पोकळीत मेण हवंच. बाहेरून गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पण दार त्यावरच टिकतं.

जिवाचं सांगतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. जोडाच्या मागे फोम, कार्पेट, वायरिंग असेल तर ते काढा. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशीच राहा, कारण फोम आतून धुमसतो. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यावर आर्क लावायचा नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. काठावरचं जस्त आधी घासा, दार-खिडक्या उघड्या ठेवा आणि धुरासाठीचा मास्क लावा. ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्डिंग करू नका. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून आर्कमध्ये विषारी वायू तयार होतो. हेल्मेटची काच दहा-अकरा नंबरची असावी. बघायला उभ्या राहिलेल्या पोरांना हाकला. चुकून पाहिलेल्या आर्कने मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि घरच्यांची झोप उडते.

काही कामांना सरळ नाही म्हणा. चेसिस, खांब, सीटबेल्टची जागा आणि एअरबॅगच्या आसपासचा भाग शिकाऊ हाताचा नाही. नव्या गाड्यांच्या खांबांत उष्णतेने ताकद गमावणारं पोलाद असतं. जोड वरून चांगला दिसेल, पण अपघातात वाकेल.

सरावासाठी भंगारातून जुन्या गाडीचं बॉनेट आणा. पट्ट्या कापा, जोडा, व्हाइसमध्ये धरून छिन्नी मारा. टाका निघून आला तर जोड कच्चा. टाका राहिला आणि बाजूचा पत्रा फाटला तर जोड पक्का. पक्के जोड सलग येऊ लागले की मगच गिऱ्हाइकाची गाडी घ्या आणि भाव ठरवताना थांबण्याचा वेळही त्यात धरा. तो वेळ फुकट दिलात तर गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिली घाई तुम्हीच कराल.