सागरी कासव आणि किनाऱ्यावरील वाळू

बंगळूर शहर समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. तथापि तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधक व दक्षिण फाउंडेशन ही संस्था ओडिशातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी २००८ पासून सागरी कासवांचे निरीक्षण करीत आहेत. तेथे ऑलिव्ह रिडले जातीच्या सहस्रावधी माद्या पुष्कळदा अवघ्या काही दिवसांत एकत्र येऊन अंडी घालतात. या निरीक्षणात वाळूच्या तपमानाचीही नोंद ठेवली जाते. तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागील पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि तो बुजवून समुद्रात परतते. अंडी उबविण्याचे कार्य सूर्याच्या उष्णतेने तापलेली वाळूच करते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात. पिलू नर होणार की मादी, हेही वाळूच्या तपमानावरच ठरते. उबवणकालाच्या मधल्या भागात तपमान ३० अंश सेंटिग्रेडच्या जवळपास असल्यास दोन्ही प्रकारची पिले निपजतात. वाळू त्याहून थंड असल्यास नर अधिक, तर उष्ण असल्यास माद्या अधिक होतात. फारच तापलेल्या वाळूत गर्भ मरतात.

यावरून संरक्षणाचे काम किती नाजूक आहे, हे ध्यानात येईल. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ मध्ये हे काम हाती घेतले. माणसे, कुत्री व कोल्हे यांच्यापासून वाचविण्यासाठी अंडी कुंपणाच्या आत हलविली जातात. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांतच करावे लागते. कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो व अंडे उलटे झाल्यास दगावतो. नवा खड्डाही मूळ खड्ड्याइतकाच खोल हवा. तो उथळ झाला तर वाळू अधिक तापेल. पिले पुष्कळ निघाली तरी त्यांत नर थोडेच असतील.

किनाऱ्यावरील वाळू उपसणे, तेथे भिंती बांधणे किंवा दाट झाडी लावून सावली करणे यांमुळेही हे संतुलन बिघडते. पृथ्वीचे तपमान वाढत असताना तर ही काळजी अधिकच आवश्यक ठरते. म्हणून कुंपणाबरोबर तपमापकही संरक्षकाच्या हाती असावा लागतो.