अंगणात गुलमोहर की ताम्हण?

उन्हाळ्यात तांबड्या फुलांनी डवरलेला गुलमोहर पाहिला, की आपल्याही दारी तो असावा असे कोणासही वाटते. परंतु मूळच्या मादागास्करच्या या वृक्षाची मुळे उथळ पसरतात. फरशी व कुंपणाची भिंत ती उचलतात. लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वादळात फांद्या मोडतात, प्रसंगी झाडच उन्मळते. मोकळ्या मैदानात तो शोभतो. घराला खेटून नव्हे.

अंगणासाठी ताम्हण अधिक योग्य. ज्याचे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, तो हा वृक्ष कोकणात ओढ्याकाठी निसर्गतः वाढतो. साहजिकच त्याला ओल हवी. देशावरील कोरड्या गावी पहिली २-३ वर्षे उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे. मे महिन्यात भिंतीपासून निदान १५ फुटांवर ३ फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. पोयट्याची माती व पूर्ण कुजलेले शेणखत भरून, पावसाने जम धरताच रोप लावावे. जांभळे तुरे नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. म्हणून छाटणी थंडी सरताना, पालवी फुटण्यापूर्वी उरकावी. चैत्रात कात्री चालविली, तर त्या वर्षीचा बहर गेलाच म्हणावे!

पाण्याची टंचाई असेल तेथे बहावा लावावा. त्याचे बी टणक कवचाचे असते. ते खरबरीत दगडावर घासून, रात्रभर भिजवून पेरावे. पिवळ्या घोसांसाठी मात्र काही वर्षे थांबावे लागते.