नळ आला, सांडपाण्याचं काय?

किन्हवली परिसरातल्या शाळांनी गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे 220 लिटर, मोरीतून परत बाहेर पडतं. जातं कुठे? गटारातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला. शहापूर-मुरबाडचं पाणी घेऊन काळू टिटवाळ्यावरून उल्हासला मिळते.

घरोघरी शोषखड्डा हवाच. पण जिथे खाली काळा कातळ, तिथे तो पावसाळ्यात तुंबतो (हे कुणी आधी सांगत नाही!). अशा ठिकाणी गटाराच्या तोंडाशी गाळ बसायला टाकी आणि पुढे खडी-वाळूत कर्दळीचा वाफा बरा. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात. संडासाचं पाणी मात्र त्यात सोडू नये. मुलांना आपापल्या आळीचा आकडा काढायला सांगा, ग्रामसभेत तोच कामाला येतो.