साडेआठचं माप

सांगली, आषाढ

चि. मुक्तास,


रुरकीला जाऊ की ॲरिझोनाला, असं विचारलंयस. रुरकीच्या आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही त्याच गावात. ॲरिझोनात, टक्सनच्या विद्यापीठात, जलविज्ञान आणि वातावरणविज्ञान एकाच विभागात शिकवतात. फी आणि व्हिसाचं तुझे बाबा बघतील. कुठेही गेलीस तरी आभाळ आणि जमीन दोन्ही शीक, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या नोकरीत आभाळ हवामान खात्याचं आणि पाणी पाटबंधाऱ्याचं. पाऊस जमिनीला टेकला की फाइल आमच्या टेबलावर! या वाटणीनं काय होतं ते सांगतो. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि थेंबन्‌थेंब वाहून आला, तर धरणात तीन टीएमसीहून थोडं जास्त पाणी येईल. पण जूनमधली तहानलेली जमीन त्यातलं बरंचसं पिऊन टाकते आणि ऑगस्टमधली चिंब जमीन बहुतेक सगळं धरणाकडे लोटते. अंदाज तोच, १०० मिलिमीटरचा, पण दरवाजे उचलायचे की नाहीत याचं उत्तर दोन्ही वेळी वेगळं. त्यात जगाची हवामान-मॉडेलं चालतात मोठमोठ्या चौकोनांवर. कधी कधी महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकोनात बसतात. आपला घाट त्यांना धड दिसतही नाही. तो दाखवायला घाटात भिजलेलं माणूस लागतं.

गणिताची तुला भीती नाही, पण संभाव्यता नीट कर. कृष्णेच्या २००५च्या पुरानंतर गल्लीत सगळे म्हणायचे, आता शंभर वर्षं निर्धास्त. मीही मान डोलावली. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता, येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही, हे मला शिकवलेलं होतं. पगार त्याचाच घेत होतो. चौदा वर्षांनी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, इथल्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तू दहावीत होतीस. माळ्यावरून तुझी वह्या-पुस्तकं काढायला होडी आली होती, आठवतं?

आता मोजण्याबद्दल. नवीन असताना एका आडगावच्या पर्जन्यमापक केंद्रावर तपासणीला गेलो. वही सुवाच्य, एक खाडाखोड नाही. पान उलटलं, तर पुढच्या दोन दिवसांचा पाऊसही लिहून तयार! मी हसलो, ते दोन आकडे खोडायला लावले आणि मागच्या सगळ्या वहीवर सही केली. ते आकडे नंतर कुठे कुठे गेले, कुठल्या सरासरीत बसले, देव जाणे. तू पायथन चालवशील, उपग्रहाची चित्रं वाचशील, चांगलंच आहे. पण नदीचा विसर्ग म्हटला की तो कुणी, कुठे, कसा मोजला हे विचारायची सवय ठेव. एकदा तरी होडीत बसून प्रवाहमापक पाण्यात सोड. मोठ्या पुरात कुणी होडी घालत नाही. तिथला आकडा बहुतेक वेळा पातळीवरून आलेख लांबवून काढलेला असतो, आणि वर्तमानपत्रात तोच छातीठोकपणे छापून येतो.

थोड्या आकड्यांवर भिस्त ठेवली की काय होतं, ते टक्सनला गेलीस तर नळालाच दिसेल. १९२२ साली कोलोरॅडो नदीचं पाणी वरच्या आणि खालच्या खोऱ्यांतल्या राज्यांत वाटलं गेलं. हाताशी मोजक्याच वर्षांच्या नोंदी होत्या आणि ती वर्षं नेमकी ओली निघाली. नदीत नाही तेवढं पाणी कागदावर वाटून झालं, त्याचं भांडण अजून चालू आहे. टक्सनला त्याच नदीचं पाणी पाचशेहून जास्त किलोमीटरच्या कालव्यातून येतं. आपल्या कृष्णेसाठी बच्छावत लवादानं ७८ वर्षांची मालिका धरली आणि चारांपैकी तीन वर्षं मिळेल एवढंच, २,०६० टीएमसी, वाटायला काढलं. भांडणं आपलीही सरली नाहीत, पण दोन्ही हिशेब शेजारी ठेवून वाच. टक्सनच्या पावसाळ्यालाही मान्सूनच म्हणतात बरं का. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आतबाहेर; कोयनानगरला एवढा एका दिवसात पडलेला मी पाहिलाय.

निकाल येईपर्यंत पंधरा दिवस इकडे ये. अंगणात पर्जन्यमापक बसवलाय, जास्वंदीपासून चांगला लांब. काकू म्हणते, तुळस हलवली नसती तरी चाललं असतं, पण तो विषय सध्या बंद आहे. माप सकाळी साडेआठला घ्यायचं. आलीस की वही तुझ्याकडे.

तुझा,
काका