'हॅव' आणि 'असणे' : स्वामित्ववाचक क्रियापदाचा एक तुलनात्मक विचार

इंग्रजी 'हॅव' म्हणजे 'जवळ असणे', असा अर्थ आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केलेला असतो. तोच प्रमाण मानून मराठी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने माझ्या वर्गात 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' असे वाक्य लिहिले. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही; परंतु दोन भाऊ सध्या त्याच्यापाशी राहतात, एवढाच बोध मराठी वाचकाला त्यातून होईल. त्याच वर्गातील हिंदीभाषक विद्यार्थिनीने 'माझे दोन भाऊ आहेत' असे लिहिले. मराठीची स्वाभाविक रचना मात्र तिसरीच आहे : 'मला दोन भाऊ आहेत'. या तीन वाक्यांमधील अंतर हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

प्रथम इंग्रजी क्रियापदाचे स्वरूप पाहू. 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' यांचे ध्वनिसाम्य फसवे आहे; ही क्रियापदे सगोत्र नाहीत. 'हॅव'चे नाते लॅटिन 'कापेरे', म्हणजे 'पकडणे', या क्रियापदाशी आहे. मुठीत धरण्याच्या कृतीपासून निघालेला हा शब्द पुढे स्वामित्व, नाते, गुण, व्याधी आणि अवकाश या सर्वांना पुरून उरला. इंग्रजीत मोटार, बहीण, धैर्य आणि ताप ही चारही एकाच क्रियापदाची कर्मे होतात, आणि ज्याची ती असतात तो वाक्याचा कर्ता होतो.

मराठीत असे सर्वसमावेशक क्रियापद नाही. 'असणे' हे एकच क्रियापद राहते आणि संबंधाचा भेद विभक्तीने किंवा शब्दयोगी अव्ययाने दाखविला जातो. नाते, अवयव, व्याधी आणि अधिकार यांसाठी 'ला' येतो : 'मला एक बहीण आहे', 'गाईला शिंगे असतात', 'तिला ताप आहे'. हाताशी असलेल्या वस्तूसाठी 'जवळ' किंवा 'पाशी', ताब्यातील वस्तूसाठी 'कडे' : 'माझ्याजवळ सुटे पैसे नाहीत', पण 'त्याच्याकडे मोटार आहे'. मालकी ठसवायची असेल तर षष्ठी : 'त्याचे दुकान आहे'. गुणासाठी 'तिच्या अंगी धैर्य आहे'. म्हणजे इंग्रजी वक्त्याला जे ठरवावे लागत नाही, ते मराठी वक्त्याला तोंड उघडण्यापूर्वी ठरवावे लागते.

या रचनांत क्रियापद वस्तूशी जुळते : 'मला एक बहीण आहे', 'मला दोन बहिणी आहेत'. तरीही 'मला' हे पद केवळ गौण कर्म नव्हे. 'तिला आपल्या भावाची आठवण येते' या वाक्यातील 'आपल्या' हे 'तिला'कडेच निर्देश करते, आणि असा निर्देश सामान्यतः कर्त्याकडे होतो. वाक्यातील कर्तृत्व येथे जणू दोघांत विभागलेले आहे.

हा विशेष एकट्या मराठीचा नाही. तमिळमध्ये नात्यासाठी 'एनक्कु' आणि हाताशी असलेल्या वस्तूसाठी 'एन्निडम्' असा भेद आहे. कन्नडमध्येही भाऊ असल्याचे 'ननगे' या चतुर्थीरूपानेच सांगतात. हिंदी मात्र नात्यासाठी 'मेरे' आणि तापासाठी 'मुझे' वापरते, तर बंगाली दोन्ही ठिकाणी 'आमार' या षष्ठीने काम भागविते. नात्याच्या बाबतीत मराठी आपल्या दक्षिणेकडील शेजाऱ्यांच्या पंक्तीला बसते. कॉलिन मासिका यांनी १९७६ मध्ये भारताचा भाषिक प्रदेश म्हणून विचार करताना चतुर्थीच्या या रचनांना महत्त्वाचे स्थान दिले, ते अकारण नव्हे.

साहाय्यक क्रियापद म्हणून 'हॅव'चा विचार केल्यास निराळेच साम्य दिसते. इंग्रजीतील पूर्ण काळाच्या मुळाशी 'पत्र लिहिलेल्या स्थितीत माझ्याजवळ आहे' अशा अर्थाची रचना होती. मराठीत 'मी पत्र लिहिले आहे', 'मी चिठ्ठी लिहिली आहे' यांत धातुसाधित आजही कर्माशी जुळते. एका भाषेने त्या स्थितीला स्वामित्वाची जोड दिली, दुसरीने अस्तित्वाची. उलट 'आय हॅव टु गो' या वाक्यापुढे मराठी भाषांतरकाराला थांबावेच लागते : 'मला जायचे आहे' यात बेत आहे, 'मला जावे लागते' यात सक्ती आहे.

खरी कसोटी ललित गद्याच्या भाषांतरात लागते. 'शी हॅड मनी, सन्स अँड करेज' असे एक साधे वाक्य घेऊ. इंग्रजीत पैसा, पुत्र आणि धैर्य एकाच हिशेबवहीत मांडले जातात आणि वाक्याचा उपरोध त्या मांडणीतच असतो. 'तिच्याकडे पैसा होता, तिला मुलगे होते, तिच्या अंगी धैर्य होते' हे भाषांतर अचूक आहे. पण हिशेबवही नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर उपरोधही. 'पैसा, मुलगे, धैर्य. तिला काय कमी होते?' असे लिहिल्यास उपरोध परत येतो, परंतु निवेदकाचा स्वर बदलतो. कोणता तोटा पत्करायचा हा निर्णय शब्दकोश देऊ शकत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत 'हॅव' नाही म्हणून मराठी मन निःसंग आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९६० मध्ये दाखविल्याप्रमाणे 'असणे'वर आधारलेली स्वामित्वरचना जगात विपुल आहे आणि 'हॅव'सारखे क्रियापदच विरळ. साम्राज्य उभारणारे रोमनही 'मिही एस्त', म्हणजे 'मला आहे', असे म्हणत. व्याकरण माणसाची वृत्ती सांगत नाही. बोलताना कोणता भेद टाळता येणार नाही, एवढेच ते सांगते. अध्यापकाने 'हॅव'चा एक अर्थ पाठ करून घेण्याऐवजी हा भेद ओळखण्यास शिकविले, तर विद्यार्थ्याचे भाऊ त्याच्या 'जवळ' नसले तरी त्याला राहतील.